ट्रंक भंगारात देऊ नका, आधी सीडी वाचवा

वाचकाचं पत्र : माझे मिस्टर राजारामपुरीत १९९३ पासून बारा वर्षं व्हिडिओ गेमचं पार्लर चालवत होते. पुढे ते बंद करून त्यांनी मोबाईल दुरुस्ती सुरू केली. गेल्या वर्षी ते गेले. माळ्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात टीव्हीला जोडायच्या गेमच्या २४ कॅसेटी, १४० फ्लॉप्या आणि ९० सीडी निघाल्या. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, “आई, भंगारवाल्याला देऊन टाक. हे सगळं मिळून माझ्या एका गेमच्या निम्म्यातसुद्धा मावेल.” मला ते फार लागलं. याच ट्रंकेवर आमचं घर चाललं. वर त्याला त्या गेमसाठी लॅपटॉपला एक टीबीची नवी डिस्क हवी आहे, सात-आठ हजार मागतोय. एक गेम दीडशे जीबीचा खरंच असतो का, की मला कळत नाही म्हणून काहीही सांगतोय? आणि ट्रंकेचं काय करू? फोटो पाठवले आहेत.
– एक वाचक, कोल्हापूर

ताई,

तुमचे पाचही फोटो मी मोठे करून पाहिले. तिसऱ्या फोटोत एका फ्लॉपीवर निळ्या शाईनं लिहिलंय, ‘प्रिन्स – चालू आहे’, आणि खाली तारीख. ते वाचून मी बराच वेळ तिथंच थांबलो. फ्लॉपी आज चालली म्हणजे उद्या चालेलच, याचा त्या काळी कुणाला भरवसा नव्हता. तुमच्या मिस्टरांनी ती मशिनमध्ये घालून तपासली, मगच लिहिलं आणि कधी तपासली तेही लिहिलं. गिऱ्हाईक पाच रुपये देऊन बसल्यावर गेम अडकू नये, म्हणून ही काळजी. भंगारात द्यायच्या आधी ट्रंकेत काय काय आहे हे घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलगा खोटं बोलत नाही, हे आधी सांगतो. तुम्ही फोटोंसोबत ज्या गेमचं नाव कळवलंत, तो २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’, त्याच्या विक्रीच्या पानावरच १५० जीबी मोकळी जागा आणि एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क, हवी असं लिहिलेलं आहे. ट्रंकेचा हिशेबही त्यानं बरोबर केलाय. मी मांडून पाहिला. साधारण हजार बाइटचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी, हजार एमबींचा एक जीबी आणि हजार जीबींचा एक टीबी, असं धरा. ९० सीडी अगदी काठोकाठ, प्रत्येकी ७०० एमबी, भरलेल्या धरल्या तरी ६३ जीबी होतात. १४० फ्लॉप्यांचे जेमतेम २०० एमबी, म्हणजे एका सीडीचा तिसरा हिस्साही भरत नाही. आणि २४ कॅसेटी तर हिशेबात धराव्यात इतक्याही भरत नाहीत.

पण या कॅसेटींमध्येच सगळ्यात मोठी कारागिरी आहे. तुमच्या पार्लरमध्ये पोरं ज्याच्यासाठी रांग लावायची तो मारिओ, १९८५ चा, सगळा मिळून ४० केबी आहे. आठही जगं, भुयारं, पाण्याखालचे टप्पे, ती धून, सगळं. एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर तो बरोबर ३६ वेळा बसेल. हे कसं जमवलं असेल? दिवाळीत आपण रांगोळीचे छापे वापरतो ना, तसं. टीव्हीवरचं सगळं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या बारक्या छाप्यांनी भरायचं आणि तेच छापे पुन्हा पुन्हा उठवायचे. मारिओतला आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचं हिरवं झुडूप एकच छाप आहे, फक्त रंग बदललाय. मुलाला दाखवा, त्याला एकदा दिसलं की परत न दिसणं अवघड आहे.

पहिल्या फोटोतल्या कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ छापलंय. आत खरे गेम दहा-वीस असतील, तेच नावं बदलून यादीत फिरवलेले. लहान पोरं तरीही यादीच्या शेवटच्या पानापर्यंत जायची, कारण पुढच्या पानावर काहीतरी नवं असेलच असं वाटायचं.

‘प्रिन्स’ची गोष्टही मुलाला सांगा, तो इंजिनिअर होतोय. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनर या माणसानं १९८९ साली अ‍ॅपल टू संगणकासाठी बनवला. आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली. म्हणून तो खऱ्या माणसासारखा पळतो. पण या चित्रांनीच संगणकाची मेमरी संपवली. दुसरं पात्र घालायला जागा उरली नाही. मग त्यानं राजपुत्राचीच चित्रं एका ठिपक्यानं सरकवून मूळ चित्रांवर एक सोपी गणिती क्रिया केली, आणि राजपुत्राची चमचमती सावली तयार झाली. गेममध्ये आरशातून बाहेर येते ती हीच. जागा नव्हती म्हणून सुचलेली गोष्ट आज सगळ्यांना सगळ्यात जास्त आठवते.

मी त्या वर्षांत लक्ष्मीपुरीत एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. तेव्हा मोठा गेम आणायचा म्हणजे एआरजे नावाच्या प्रोग्रामनं त्याचे फ्लॉपीएवढे तुकडे पाडायचे, आठ-दहा फ्लॉप्यांना रबर लावायचं आणि सायकल हाणत निघायचं. एकदा शाहूपुरीतल्या मित्राकडून आठ फ्लॉप्या भरून शिवाजी पेठेत घरी आणल्या. पाच नीट उतरल्या. सहावी घातली, ड्राइव्हमधून खर्र-खर्र आवाज आला, मग टक, टक, टक, आणि पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’. मी पन्नासदा ‘रिट्राय’ केलं असेल. एक तुकडा गेला की बाकीचे सात असून नसून सारखेच. संध्याकाळी परत सायकल काढली. म्हणून मी ‘चालू आहे’ या दोन शब्दांपाशी थांबलो, ताई.

फ्लॉपीनंतर सीडी आली आणि जागा एकदम साडेचारशे पटीनं वाढली, १.४४ एमबीवरून तेव्हाच्या सीडीच्या ६५० वर. गेम बनवणाऱ्यांना सुरुवातीला ही जागा भरायची कशानं हेच कळेना. मग खरं संगीत घातलं, नटांकडून संवाद बोलून घेतले, चित्रफिती घातल्या. १९९३ चा ‘मिस्ट’ खेळता यावा म्हणून लोकांनी सीडी ड्राइव्ह विकत घेतले. दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, ‘फँटास्मॅगोरिया’ सात सीडींवर आला. साडेचारशे पट जागा संपायला एवढाच वेळ लागला. पुढे डीव्हीडी आली, ४.७ जीबीची, मग ब्लू-रे, एका थराला २५ जीबी, आणि तेच पुन्हा. २०१५ साली ‘जीटीए ५’ संगणकासाठी सात डीव्हीडींच्या खोक्यात आला, तो अशा शेवटच्या खोक्यांपैकी एक. त्यानंतर संगणकाचे गेम बहुतेक तारेतूनच, इंटरनेटवरून येऊ लागले आणि आकार वाढवायला डिस्कचा काठही आडवा येईना.

आता दीडशे जीबीत असतं काय, हा तुमचा खरा प्रश्न. मुख्यतः पृष्ठभाग. गेममधली दगडी भिंत घ्या. तिच्यावर जे चित्र चढवतात ते हल्ली ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं असतं. नीट दाबून ठेवलं तरी एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. एका भिंतीच्या एका चित्रात चारशेहून जास्त मारिओ! आणि एकावर भागत नाही. रंगाचं एक, खडबडीतपणाचं दुसरं, उजेड पडल्यावर किती चमकायचं त्याचं तिसरं. लांबी-रुंदी दुप्पट केली की जागा चौपट लागते, आणि दर काही वर्षांनी पडदे मोठे होतात तशी ही चित्रंही वाढवतात. जुन्या गेमचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा होता, आजचा फोर-के त्याच्या १३५ पट आहे.

जागा खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. आपल्याकडच्या गुऱ्हाळावरून सांगतो. रस आटवून गूळ केला की कमी जागेत मावतो, पण प्यायचा तर गूळ फोडा, पाण्यात विरघळवा, म्हणजे वेळ आणि श्रम आले. आवाजही असाच आटवून ठेवता येतो, पण ऐकवताना तो विरघळवायचं काम प्रोसेसरला पडतं. २०१४ च्या ‘टायटनफॉल’ गेममध्ये बनवणाऱ्यांनी ठरवलं, साध्या संगणकांवर हा भार नको, रसच टँकरनं पाठवू. ४८ जीबीच्या गेममध्ये ३५ जीबी नुसता न आटवलेला आवाज होता. याच्या बरोबर उलट उदाहरण १९९९ चं. ‘रेसिडेंट इव्हिल २’ हा दोन सीडींचा गेम निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या गेम मशिनच्या ६४ एमबीच्या कॅसेटमध्ये बसवला, चित्रफितींसकट. म्हणजे नेट लावला तर आटवता येतं. पण जागा स्वस्त झाल्यावर त्यासाठी महिनोन् महिने खपायला कुणी तयार नसतं, आणि मला याचं वाईट वाटतं.

तिसरं कारण तुम्हाला घरातलंच वाटेल. आपण एक कात्री शिलाई मशिनपाशी ठेवतो, एक स्वयंपाकघरात, एक टीव्हीखालच्या खणात, कारण दर वेळी उठून जायला नको. फिरत्या हार्ड डिस्कवर माहिती शोधायला आतला दांडा इकडून तिकडे हलवावा लागतो. म्हणून गेमवाले एकच झाड, एकच दिवा डिस्कवर अनेक ठिकाणी लिहून ठेवायचे. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, तिथं ही गरज उरत नाही. ‘हेलडायव्हर्स २’ या गेमनं डिसेंबर २०२५ मध्ये अशा दुबार प्रती काढून टाकल्या तेव्हा तो संगणकावर सुमारे १५४ जीबीचा होता, तो २३ जीबीवर आला. खेळ तोच. सव्वाशेहून जास्त जीबी लोकांच्या डिस्कवर विनाकारण पडून होते.

तर डिस्क घ्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला अभ्यासाच्या सॉफ्टवेअरलाही जागा लागणारच. पण घेण्यापूर्वी लॅपटॉप उघडून एम.२ ची, म्हणजे एसएसडी बसवायची, जादा खाच आहे का हे दुकानदाराकडून बघून घ्या. नसेल तर आहे ती डिस्क काढून नवी घालावी लागेल, आणि मग आधीची सगळी माहिती हलवायचं काम वाढतं. एक टीबीची डिस्क लावल्यावर संगणक ९३१ जीबी दाखवेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे हा फरक पडतो. दुकानदारानं फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका. इंटरनेटचंही बघा. १५० जीबी उतरवायला १०० एमबीपीएसच्या लाइनवर तीन तास वीस मिनिटं लागतात, ४० च्या लाइनवर आठ तासांच्या वर. म्हणून खेळून झालेला गेम पुसून पुन्हा उतरवण्यापेक्षा तो एखाद्या स्वस्त बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवून ठेवायचा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोग्राममध्ये तशी सोय आहे.

मुलाशी बोलताना आणखी एक गोष्ट त्याच्यापुढं ठेवा. त्याचा दीडशे जीबीचा गेम त्याच्या खात्याला बांधलेला आहे. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम होता, २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर, म्हणजे कंपनीकडचे संगणक, बंद केले आणि ज्यांच्या घरात त्याची विकत घेतलेली डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना, एकट्यानं खेळायचा भागसुद्धा. तुमच्या ट्रंकेतली कॅसेट कुणाला विचारत नाही. गेमचं मशिन आणि टीव्ही चालू असला की झालं.

आता ट्रंक. इथं घाई करावी लागेल, आणि क्रम तुम्हाला वाटतो त्याच्या उलटा आहे. सगळ्यात जुन्या कॅसेटी सगळ्यात टिकाऊ. त्यांच्यातली माहिती चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली असते, ती सहसा जात नाही. त्यांचे पितळी दिसणारे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या ओलाव्यानं ते दात गंजतात.

सगळ्यात नाजूक आहेत त्या घरी लिहिलेल्या सीडी, ज्यांच्यावर मार्करनं नावं घातलेली दिसतात. त्यांच्यात माहिती रंगाच्या एका पातळ थरात असते, आणि ऊन-उष्णतेनं तो रंग उडतो. माझी एक सीडी होती, पुतणीच्या बारशाच्या फोटोंची. दहा वर्षांनी उजेडासमोर धरली तर वरचा चंदेरी थर जागोजागी सुटून चाळणीसारखी आरपार दिसत होती. त्यातला एकही फोटो मिळाला नाही. म्हणून या सीडी पहिल्या आठवड्यातच उतरवा. छापील सीडी नंतर झाल्या तरी चालतील. सीडी पुसायची असेल तर मऊ कापडानं मधून बाहेरच्या दिशेला, गोल गोल नको.

फ्लॉप्यांचा शत्रू आपला पाऊस. मशिनमध्ये घालायच्या आधी प्रत्येक साडेतीन इंची फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतली काळी तबकडी उजेडात बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी घातली तर ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि त्यानंतरच्या चांगल्या फ्लॉप्यांवर ओरखडे उठतात. बुरशीच्या फ्लॉप्या बाजूला काढून जाणकाराकडे द्या. बाकीच्यांची कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी राहील अशी खटकी सरकवा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो. दुसऱ्या फोटोतल्या त्या सात मोठ्या, वाकणाऱ्या सव्वापाच इंची फ्लॉप्या मात्र त्यात जात नाहीत, त्यांना त्या मापाचा जुना ड्राइव्ह आणि जुना संगणक किंवा खास कार्ड लागतं. त्या मऊ पाकिटांतच उभ्या ठेवा, वर काही ठेवू नका.

नुसत्या फाइली ओढून घेऊ नका, पूर्ण फ्लॉपीची, पूर्ण सीडीची इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये हुबेहूब प्रत, घ्यायला मुलाला सांगा. ते कसं करायचं हे त्याला एका संध्याकाळी जमेल. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच नावानं ठेवा, कारण ते अक्षर इमेजमध्ये येत नाही. एक प्रत घरी, एक बहिणीकडे किंवा गावाकडे. २०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरला पाणी चढलं तेव्हा ज्यांच्या सगळ्या वस्तू एकाच दुकानात होत्या त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. आणि हे सगळं आपल्या घरापुरतं, विकायला काढू नका.

मुलाला डिस्क घेऊन देताना एक अट घाला. नव्या डिस्कवर पहिला फोल्डर वडिलांच्या ट्रंकेचा. सगळं मिळून ६३ जीबी. त्याचा गेम उतरवून झाल्यावरही सातशे जीबी मोकळे राहतील. आणि ‘प्रिन्स – चालू आहे’ ही फ्लॉपी त्यानं तुमच्यासमोर घालून बघावी. चालली तर खाली आजची तारीख लिहू द्या, त्याच्या हातानं.

तोवर ट्रंक आजच माळ्यावरून खाली घ्या. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये फार तापतं. खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा, भिंतीला न टेकवता.